घरमालक अड्यारला राहतात

माझे बाबा लेकीच्या घरचं पाणी पीत नसत. नातवंड झालं की हे बंधन सुटतं, असं आमच्याकडे मानतात. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे ते तसंच राहिलं. आई लवकर गेली, मी एकुलती एक, आणि बाबा टपाल खात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यातल्या गावी एकटेच राहत होते.

पण हट्टी माणसाला पळवाटही बरोबर सापडते. लग्नानंतर मी आणि नवरा चेन्नईला वेस्ट मांबलममध्ये भाड्याने राहायचो. तिथे बाबा दर हिवाळ्यात दोन महिने यायचे आणि खुशाल जेवायचे. "हे घर तुझं कुठाय? घरमालकाचं आहे. मी त्यांच्याकडे उतरलोय," म्हणायचे. आल्या दिवशी गावचा गूळ घेऊन वर घरमालकांकडे जायचे. त्यांना मराठी येत नसे, बाबांना तमिळ येत नसे. दोघं समोरासमोर बसून तासभर नुसते हसायचे. मी मात्र चिडायचे. रांधायचं मी, भाडं भरायचं आम्ही, आणि पुण्य घरमालकाला!

ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. एका वर्षी बाबा मधल्या जिन्यावरच बसले. गुडघे धरून म्हणाले, "पुढच्या वर्षी काही जमेलसं दिसत नाही." तेव्हाच मी ठरवलं, तळमजल्यावरचं घर घ्यायचं.

नवरा चेन्नईबाहेर ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात होता. त्या बाजूला दोन खोल्यांचं घर आमच्या आवाक्यात होतं, तेही पहिलं घर घेणाऱ्यांना सरकार अनुदान देत होतं म्हणून. अटी दोन होत्या. घर बाईच्या नावावर हवं, आणि तिने पाच वर्षं स्वतः तिथे राहायला हवं. भाड्याने द्यायचं नाही, कुलूप लावून ठेवायचं नाही, तपासणीला माणूस येईल. माझं ऑफिस अड्यारला. नव्या घरून रोज जाऊन-येऊन चार तास लागणार होते. तरी मी सही केली.

सही झाल्यावर गंमत म्हणून बाबांना फोन केला. "बाबा, समजा मी घर घेतलं तर?"

"घे की! मला आनंदच आहे," ते हसून म्हणाले. "पण मग माझं येणं संपलं बघ. स्वतःच्या लेकीच्या घरी कसा राहू?"

मी फोन ठेवला आणि रडले. घर ज्यांच्यासाठी घेतलं तेच येणार नव्हते, आणि मला मात्र तिथून पाच वर्षं हलता येणार नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. मग मी ठरवलं, बाबांना सांगायचंच नाही. आम्ही कारखान्याजवळ दुसरं भाड्याचं घर घेतलं, एवढंच कळवलं.

त्याच वर्षी बाबांना अर्धांगाचा हलका झटका आला. शेजाऱ्यांचा फोन आला तशी मी गावी गेले आणि त्यांना कायमचं इकडे घेऊन आले. आम्ही पोचायच्या आत नवऱ्याने दारावरची माझ्या नावाची पाटी काढून कपाटात कपड्यांखाली ठेवली होती.

आल्या आल्या बाबांनी विचारलं, "घरमालक कुठं असतात?"

"अड्यारला राहतात," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. "वय झालंय. इकडे फारसे येत नाहीत."

बाबांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. घटाघटा प्यायले. मला इतकं बरं वाटलं की खोटं बोलल्याची लाजही वाटली नाही.

मग ते त्या नसलेल्या माणसाची काळजी घेऊ लागले. मी भिंतीला खिळा मारला तर, "त्यांना विचारलंस का?" नळ गळला तर, "कळव त्यांना, नाहीतर म्हणतील भाडेकरू बेपर्वा आहेत." माझ्या स्वतःच्या भिंतीवर मी चार महिने चित्र लावलं नाही. कधी कधी संध्याकाळी म्हणायचे, "तुझं एक स्वतःचं घर झालं असतं तर मी काळजीतून सुटलो असतो." जिभेच्या टोकावर आलेलं मी गिळून टाकायचे.

एका शनिवारी सकाळी तपासणीचा माणूस आला. हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र. बाबा दाराजवळच्या खुर्चीत ऊन घेत बसले होते.

"ओनर यारु?" त्याने विचारलं. मालक कोण?

मी बाबांकडे पाहिलं. मांबलमला इतके हिवाळे काढलेल्या माणसाला एवढं तमिळ कळत होतं. नाही म्हटलं असतं तर अनुदान परत गेलं असतं आणि त्याच्यामागे घर.

"नान् दान्," मी म्हणाले. मीच.

त्याने माझं आधार कार्ड पाहिलं, स्वयंपाकघरात डोकावला, माझा फोटो काढला, सही घेतली आणि गेला. टेबलावर पाण्याचा पेला भरलेला होता. बाबांनी तो हळूच बाजूला सारला.

"घर तुझं आहे?"

डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी कमी पडू देऊ नका. मी त्या पेल्याकडे बघत म्हणाले, "नाही हो बाबा. घर घरमालकांचंच आहे. अनुदान मिळावं म्हणून कागदावर माझं नाव लावलंय."

पोस्टाच्या नोकरीत बाबांनी आयुष्यभर समोर अंगठा उठल्याशिवाय मनीऑर्डरवर साक्षीदाराची सही केली नव्हती. ते म्हणाले, "सरकारशी खोटं बोललीस? ज्याला घर नाही त्याच्या वाटचं घेतलंस?"

मी पेला परत त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पेला उचलला आणि पाणी प्यायले. त्या दिवसापासून ते माझ्या हातचं सगळं घ्यायचे, फक्त घेताना माझ्याकडे बघायचे नाहीत. कितीदा वाटलं, खरं सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर जेवण बंद झालं असतं. दोन महिन्यांनी ते झोपेतच गेले.

दहावा झाल्यावर नवरा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "तुला सांगू की नको कळत नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला जवळ बोलावलं होतं. म्हणाले, मनाने वाईट नाही ती. तिला ते पैसे परत करायला लावा. आणि लहानसं का होईना, तिला स्वतःचं घर घेऊन द्या."