राजा कुठे होता

आईला ती गोष्ट सांगायला मी हॉटेल निवडलं, त्यामागचं खरं कारण आधी लिहून टाकतो. घरी सांगितलं असतं तर ती रडली असती. जिथं माणसं हळू आवाजात बोलतात, चमचासुद्धा बशीत जपून ठेवतात, तिथं माझी आई रडणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. चारचौघांत डोळे पुसायची तिला फार लाज. बाबा गेले त्या सकाळीही आलेल्या माणसांना चहा मिळाला की नाही हे ती आधी बघत होती.

सांगायचं होतं ते एवढंच, की तिनं आता नाशिकला परत जायचं. आणि तेही आपल्या घरी नाही, वृद्धाश्रमात.

आम्ही कतारला, दोह्यातल्या अल मन्सूरा भागात राहतो. आई नाशिकच्या घरात बाथरूममध्ये पडली, त्यानंतर मी तिला इकडे घेऊन आलो होतो. तिनं लवकरच बस्तान बसवलं. बाल्कनीत तुळस आली. खालचा मल्याळी दुकानदार तिला अम्मा म्हणायचा आणि साबुदाणा आला की वर निरोप पाठवायचा. त्याच्याकडून ती इथल्या अरबांसारखं उठता बसता ‘खलास’ म्हणायला शिकली. कोथिंबीर संपली, खलास. सीरियल संपली, खलास. माझी मुलगी हसून हसून लोळायची. मुलीला मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं. आजीपाशी मात्र ते अर्धंमुर्धं मराठीत यायला लागलं होतं.

आईला इथंच राहायचं होतं. तसं ती कधी म्हणाली नाही, पण तुळस लावणारं माणूस परत जायच्या तयारीत नसतं.

बायकोनं एका सकाळी डबे भरता भरता मला विचारलं होतं, “अहो, ठेवून घेऊ या ना आईंना. मी शिफ्ट बदलून मागते. जमेल तसं जमेल.” मी नको म्हटलं. ती पुन्हा एकदा म्हणाली, मी पुन्हा नको म्हटलं. कारणं दिली, ती सगळी खरी होती. आपण दोघं नोकरीला, ती दिवसभर एकटी, दुखलंखुपलं तर काय. व्हिसाचं अवघड आहे असंही मी सगळ्यांना सांगत होतो. त्याची मी साधी चौकशीही केलेली नव्हती.

खरं कारण सांगायची मला लाज वाटते, कारण ते फार लहान आहे. संध्याकाळी मी ऑफिसातून यायचो तेव्हा आई दारापाशी खुर्ची टाकून बसलेली असायची. “आलास, राजा,” म्हणायची. मग, आज काय झालं रे ऑफिसात? त्या वर्षी ऑफिसात माझं काही धड चाललं नव्हतं. माझ्या हाताखालचा माणूस माझ्या वर बसवला होता. घरी कुणी काही विचारू नये एवढीच माझी इच्छा असायची, आणि ही बाई रोज वाट बघत बसायची. कुणीतरी आपली वाट बघतंय याचा माणसाला राग येऊ शकतो. मला यायचा. तिचं खोकणं, चपला ओढत चालणं, माझ्या ताटाकडे बघत बसणं, सगळ्याचाच यायचा. मला ती घरात नको होती. बायकोला हवी होती. मला नको होती.

ते हॉटेल शहराच्या अल रय्यान भागाकडे आहे. इंग्रज जमीनदाराची गावाकडची हवेली असावी तसं ते सजवलेलं. लाकडी भिंती, हरणाची शिंगं, शेकोटीत विजेच्या ज्वाळा आणि वर एसी चालू. डिसेंबरात तिथं नाताळचा खास दुपारचा चहा असतो. मी गुरुवारचं टेबल घेतलं, कारण इथं पुढचे शुक्रवार-शनिवार सुटी. बायको म्हणाली, “अहो, गुरुवार मार्गशीर्षातला आहे. आईंचा उपास.” मी म्हटलं, फळं असतील की तिथं. माझ्या डोक्यात दुसरंच होतं.

बाबा गेल्यावर आईनं हळदीकुंकवाला हात लावणं सोडलं, पण मार्गशीर्षातले गुरुवार सोडले नाहीत. बायका म्हणाल्या, आता कशाला? तर म्हणाली, लक्ष्मी मला ओळखते, तिला माझं कपाळ बघायची गरज नाही. दिवसभर उपास, संध्याकाळी घट मांडून पूजा, कथा, मग जेवण. तशी ती उपाशीच त्या हॉटेलात आली, मोरपिशी साडी नेसून. मुलाला बरं वाटावं म्हणून.

भिंतीवर दाढीवाल्या गोऱ्यांच्या तसबिरी होत्या. आईनं विचारलं, हे कोण, मालकाचे सासरे का? मुलीला एवढं हसू आलं की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. मग तीन मजली थाळं आलं. खाली सँडविच, मध्ये स्कोन, वर लाल-हिरवे केक. आई म्हणाली, गौरीपुढची आरास दिसतेय अगदी. काकडीचं सँडविच उघडून आत बघितलं आणि परत मिटलं. एवढ्या एका काकडीसाठी माणसं नटूनथटून येतात होय, म्हणाली. स्कोनला तिनं नानकटाईचा थोरला भाऊ ठरवलं. खाल्लं मात्र काही नाही. दुधाचा चहा घेतला आणि केकच्या कडेला शोभेला ठेवलेली चार द्राक्षं. बाकी एकेक उचलून माझ्या बशीत ठेवत राहिली. खा, राजा.

मी खात होतो. तोंडात घास असला की बोलावं लागत नाही.

दालनाच्या पलीकडच्या टोकाला आल्याच्या बिस्किटांचं मोठं घर बांधलेलं होतं, छपरावर साखरेचा बर्फ. बायको आणि मुलगी त्याचे फोटो काढायला गेल्या. त्या जाव्यात याचीच मी वाट बघत होतो. मी आईला म्हटलं, नाशिकलाच एक फार छान सीनियर लिव्हिंग आहे. बाग आहे, डॉक्टर आहे, तुझ्या वयाच्या पुष्कळ बायका आहेत. मी सगळं बोलून ठेवलंय.

आईनं विचारलं, “म्हणजे वृद्धाश्रम?”

मी म्हटलं, तसं नाही गं, हल्ली वेगळं असतं.  मला वाटलं, आता विचारेल, का? त्याची उत्तरं मी पाठ करून आलो होतो. तिनं ते विचारलंच नाही. बिस्किटांच्या घरापाशी माझी बायको वाकून मुलीचा फोटो काढत होती, तिकडे तिनं पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “तिला नको असेल. मी समजते रे. तुझी कोंडी होत असेल.”

माझ्या तोंडात स्कोनचा घास होता. कोरडा असतो तो, लवकर गिळवत नाही. मी चावत राहिलो. चावता चावता एक ‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो? मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी मान हलवली नाही. मी खाली बघितलं, आणि आपल्याकडे खाली बघणं म्हणजे हो.

“तिला काही बोलू नकोस,” आई म्हणाली. “घरात भांडण नको माझ्यावरून. मी जाते. ठरलं, खलास.”

आणि ती हसली. तो शब्द म्हटला की आम्ही सगळे हसायचो, म्हणून सवयीनं हसली असेल. मग रुमाल काढून तोंड पुसलं. डोळे नाही. ते तसंच होणार हे मला माहीत होतं, त्यासाठीच तर आलो होतो.

बायको परत आली आणि म्हणाली, आई, तुम्ही काहीच घेतलं नाहीत की. आई म्हणाली, डोळ्यांनी जेवले गं.

त्या संध्याकाळी घरी पूजा झाली. शेवटचा गुरुवार अजून यायचा होता, पण आईनं त्याच दिवशी उद्यापन करायचं ठरवलं. बायकोनं कारण विचारलं तेव्हा मी पटकन मध्ये पडून सांगितलं, की नाशिकचं सगळं ठरलंय आणि आईला पसंत आहे. बायको माझ्याकडे बघतच राहिली. मग आईला म्हणाली, खरंच जायचंय का तुम्हाला? आई म्हणाली, हो. तिथं घट मांडू देतील की नाही कुणास ठाऊक, म्हणून आजच उरकते.

तिनं नातीला बायकोच्या कपाळी हळदीकुंकू लावायला सांगितलं. घटापुढचं सफरचंद स्वतःच्या हातानं बायकोच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाली, “मनात काही ठेवू नकोस हं. मीही ठेवलेलं नाही.”

बायकोनं वाकून नमस्कार केला. नंतर भांडी आवरताना तिनं मला विचारलं, आई असं का म्हणाल्या? मी म्हटलं, उपासानं थकलीय.

आई पावसाळ्यात गेली, त्या जागीच. तिथली माणसं चांगली होती, हे मी उगाच म्हणत नाही. तेराव्याला नाशिकच्या घरी नातेवाईक जमले. माझ्या बायकोशी कुणी धड बोलत नव्हतं. आईनं कुणाला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही; आपल्याकडे सांगावं लागत नाही. म्हातारी आश्रमात गेली म्हणजे सुनेनं घालवली, हे सगळ्यांना आपसूक कळतं. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, बायकोच्या हातातलं ताट घेता घेता म्हणाली, “आता तरी घर मोकळं झालं ना तुझं?” बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी पंगतीत वरण वाढत होतो. पुढच्या पानाकडे गेलो.

त्यावर आमचं बोलणं झालं नाही. ती दोन दिवस जेवली नाही एवढं आठवतं. मावशी दुःखात बोलून गेली, असं मीच तिला समजावलं.

यंदाच्या मार्गशीर्षात बायकोनं इथं घट मांडला. तिनं हे व्रत आधी कधी केलं नव्हतं. म्हणाली, आईंचं आहे, बंद कशाला पडू द्यायचं. नारळ, पानं खालच्या दुकानदाराकडून आणली. त्यानं अम्मांची चौकशी केली, आणि त्या गेल्या हे कळल्यावर नुसतीच मान हलवली. कथा मुलीनं वाचली, अडखळत, जोडाक्षरापाशी थांबत. त्या कथेत लक्ष्मी म्हातारीचं रूप घेऊन राजवाड्याच्या दारात येते आणि राणी तिला हाकलून देते. मग राज्य जातं, सगळं जातं. मी लहानपणापासून दर वर्षी ती ऐकत आलोय.

मुलगी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “पण किंग कुठे होता तेव्हा?”

बायको म्हणाली, असेल दरबारात. वाच पुढे.

कथा त्याबद्दल काही सांगत नाही. राणीला शाप, राणीला भीक, राणीला पश्चात्ताप. राजाला फक्त राज्य गेल्याचं दुःख. मुलीनं शेवटपर्यंत वाचलं, आरती झाली, आणि प्रसादाची वाटी हातात असतानाच मी बोललो. आईला नको म्हणणारा मी होतो. आईनं तुझं नाव घेतलं तेव्हा मी गप्प बसलो. तेराव्यालाही गप्प बसलो.

बायकोनं विचारलं, “कधी म्हणाल्या त्या तसं?”

“त्या चहाला. तुम्ही फोटो काढायला गेला होतात तेव्हा.”

 मुलगी पोथी मिटून बसली होती. एवढं मराठी तिला समजतं. मग बायको म्हणाली, “म्हणजे त्या सफरचंद देताना मला माफ करत होत्या. आणि मी पाया पडले.”

मी काहीतरी म्हणणार होतो. तिनं हात वर केला. मावशींना फोन लावा, म्हणाली, स्पीकरवर.

मी लावला. मावशीनं उचलला. “बोल रे राजा,” म्हणाली, हुबेहूब आईच्या आवाजात. दोघींचा आवाज सारखाच होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, या वेळी काही गाळलं नाही. हिनं ठेवून घेऊ म्हटलं होतं, मी नको म्हटलं. आईला मी घालवलं.

 मावशीनं सुस्कारा सोडला.

“कळतंय मला, राजा,” ती म्हणाली. “ती शेजारी उभी असेल ना? म्हणून बोलतोयस. तुझी आई गेली, आता तुला संसार करायचाय. पण बायकोसाठी किती रे खोटं बोलशील?”

मी म्हटलं, मावशी, हे खरं आहे. ती म्हणाली, बरं बाबा, खरं. पोरीला सांभाळ. आणि फोन ठेवला.

बायकोनं माझ्या हातातली प्रसादाची वाटी काढून घेतली आणि आत गेली. त्यानंतर तिनं तो विषय काढलेला नाही. दर गुरुवारी घट मांडते, मुलगी कथा वाचते, मला आरतीला बोलवत नाहीत.

म्हणून हे लिहितोय. तोंडानं सांगितलेलं माझं आता कुणी खरं मानणार नाही, आणि ते बरोबरच आहे. आमच्या नात्यातले वाचणारे आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी हे मावशीला वाचून दाखवावं. तिला बारीक अक्षर दिसत नाही. मोठ्यानं वाचावं, आणि वाचताना माझी बायको तिथं नाही, हे तिला आधी सांगावं.