बाबा अकोल्यात, कॅबिनेट अमरावतीत

असे गूढ अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगू? चुका काढायला वाचते. कुणाच्या दारावर टकटक होते, कुणाचा पंखा आपोआप फिरतो... आणि मी मनात म्हणते, अहो, आधी वायरिंग तपासलं का? माझा धंदाच तो आहे. पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर मी अकोल्यातल्या घरात बसून सांभाळते. सगळं काम लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी फुकट मिळणाऱ्या सिस्टीमवर. कारणाशिवाय काहीही बंद पडत नाही, फक्त ते आपल्याला सापडलेलं नसतं — हे वाक्य मी टीममधल्या पोरांना इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्या माघारी ते माझी नक्कल करतात.

आता मीच तुमच्यासमोर बिनकारणाची गोष्ट घेऊन आले आहे. हसायचं तर हसा.

गोरक्षण रोडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. घरात मी आणि सासू-सासरे. नवरा, प्रशांत, नोकरीपायी नागपूरला असतो आणि शनिवार-रविवारी येतो. सासरे, म्हणजे बाबा, जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. रिटायर झाले तरी घरातलं प्रत्येक मशीन आपल्याच देखरेखीखाली आहे असं त्यांना वाटतं. अपवाद माझ्या कम्प्युटरचा. त्याला ते 'डबडं' म्हणतात.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर या डबड्याने मला छळायला सुरुवात केली. काम चालू असताना एकदम हँग. माउस जागच्या जागी गोठलेला. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागेना. स्क्रीनवरचं घड्याळ थांबलेलं. लिनक्समध्ये मरायला टेकलेल्या मशीनलाही सभ्यपणे बंद करायची एक युक्ती असते, चार-सहा बटणं क्रमाने दाबायची... तीही चालेना. शेवटी पॉवरचं बटण धरून ठेवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. लॉग, म्हणजे मशीनची स्वतःची रोजनिशी, उघडून बघावा तर त्यात काहीच नाही! ना एरर, ना वॉर्निंग. वाक्य बोलता बोलता माणूस गप्प व्हावा, तसा लॉग मध्येच संपलेला.

आणि हे कधी व्हावं, याला काही धरबंधच नाही. कधी भर मीटिंगमध्ये, कधी नुसतं रिकामं मशीन चालू असताना. कधी आठवडाभर नाही, मग लागोपाठ.

मी पद्धतशीर बाई आहे. रॅम तपासली — दिवसभर टेस्ट चालवली, पास. तरी बदलली. मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग, बदलला. ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं. प्रोसेसरवरची पेस्ट खरवडून नवी लावली. डिस्क बदलली. प्रोसेसरला डुलकीच घेऊ न देणारी सेटिंग असते, तीही लावून पाहिली. इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासलं, तर तो म्हणे, "मॅडम, तुमचं अर्थिंग एकदम फस्क्लास हाय." मला रडू यायचं बाकी होतं. दोष सापडला की माणूस सुखी होतो हो! सगळं फस्क्लास असलं की वेड लागतं.

हँग झालं की मी ओरडायचे. अगदी मोठ्याने. "मेलं एकदाचं!" असं काहीबाही. की बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज यायचा, "बंद पडलं काय वं? मी सांगतलं होतं, फुकटातली सिस्टीम हाय ते. फुकटातलं टिकत नाई."

"बाबा, फुकट म्हणजे तसं नाही हो..."

"मंग कसं?"

मी पॉवरचं बटण धरून ठेवायचे.

कधी कधी मात्र त्यांचं उत्तर यायचं नाही. यायचं तर जरा उशिरा, दमल्यासारखं. मी तेव्हा कॅप्स लॉक दाबण्यात गुंग. एकदा मी अशीच ओरडले आणि त्याच वेळी बाहेर तुरीच्या शेंगांची परात दणकन पडली. दाणे घरभर. मी आणखीच चिडले — इथे माझं काम अडलंय आणि यांना परात धरता येत नाही! बाबा खुर्चीवर बसून म्हणाले, "हात वला होता, सटकली." मी दाणे वेचले आणि पुन्हा कॅबिनेटचं झाकण उघडायला गेले.

शेवटी मदरबोर्ड आणि प्रोसेसरही बदलले. आता जुनं म्हणून उरला तो फक्त कॅबिनेटचा पत्र्याचा डबा. गंमत म्हणजे काढलेले पार्ट मी दुसऱ्या एका मशीनमध्ये लावले, तर ते सुतासारखं सरळ चाललं. आणि हे नवंकोरं? तिसऱ्या दिवशी हँग.

मग मी इरफानला फोन केला. इरफान माझा अमरावतीच्या पॉलिटेक्निकमधला वर्गमित्र. त्याचं तिथे राजापेठेजवळ रिपेअरिंगचं दुकान आहे. माझ्याइतकाच हट्टी आणि माझ्याहून जास्त शंकेखोर.

"तू सगळं बदललं, एक तुझं घर नाही बदललं," तो म्हणाला. "लाइनमध्येच काहीतरी असंल. मशीन इकडं पाठव. अपने पास रहने दे आठ-दस दिन."

त्याच्या ओळखीची एक गाडी अमरावतीला जात होती, तिच्यातून कॅबिनेट पाठवलं. मी लॅपटॉपवर काम करू लागले. इरफानने बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम, अपडेट केलं, आपल्याकडचा एसएमपीएस लावला, आपला मॉनिटर, आपला यूपीएस. मशीन चालू ठेवलं. एक दिवस गेला, दोन गेले... काही नाही.

"बघ, घरच्याच लाइनचा प्रॉब्लेम," त्याचा मेसेज. मला हायसं वाटलं. कारण! निदान कारण तरी!

त्या रविवारी बाबा आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्कूटरवर बार्शीटाकळीला जाणार होते, नात्यातल्या लग्नाला. मी बसने जा म्हणत होते, पण बाबा ऐकतील तर शपथ. "अठरा-वीस किलोमीटरले बस कायले लागते? तुही आई मांगं बसली की गाडीले बॅलन्स येते." त्यासाठीच गुरुवारी सकाळी ते अंगणात स्कूटर धूत होते. मी लॅपटॉपवर होते. इरफानचा फोटो आला. माझ्याच मशीनची गोठलेली स्क्रीन, आणि खाली लिहिलेलं: 'पकडा गया! इकडंही झालं. आत्ताच.'

म्हणजे घरची लाइन नाही. पुन्हा शून्य. मी कपाळावर हात मारते आहे तोच बाहेरून आईंची हाक आली. "वर्षा! अवं वर्षा, भायेर ये!"

बाबा स्कूटरशेजारी पडले होते. पाइपमधून पाणी तसंच वाहत होतं. मी पोहोचेपर्यंत डोळे उघडले होते. कोपर खरचटलेलं. "काई नाई... पाय घसरला," म्हणाले.

"पाय नाई घसरला," आई म्हणाल्या. त्या ओट्यावरच उभ्या होत्या. "उभ्या उभ्या डोये फिरवले तुमी. मी पायलं ना! आंधीबी झालं असं. परात पडली तवा असंच झालं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अवं, तू मशीनवर वरडून राहिली होती नाई का, तवाच. दाढी करता करता झालं, तवाबी तू वरडत होती. मले ध्यानात हाय. मी म्हणो, इकडं हे असे आन तिकडं तुयं ते..."

आईंना त्यातून काहीही सुचवायचं नव्हतं. कोणी 'दुधवाला आला तेव्हा' म्हणेल तसं त्या म्हणत होत्या. माझं ओरडणं हे त्यांचं घड्याळ होतं. पण माझ्या हातात फोन होता, आणि फोनवर तो फोटो होता... आणि आज मी ओरडलेच नव्हते.

मी आईंना म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलं?"

"यायनं शपथ घातली होती. म्हणे, सांगतलं तर गाडी चालवू देणार नाई."

रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला. नॉर्मल. बीपी नॉर्मल. शुगर नॉर्मल. डॉक्टर तरुण होत्या, बोलायलाही चांगल्या. म्हणाल्या, "ऊन आहे, पाणी कमी पडलं असेल. घरी न्या, आराम करू द्या."

बाबा लगेच चप्पल शोधायला लागले. "मी सांगून राहिलो ना, फस्क्लास हाय!"

तो शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. अर्थिंग फस्क्लास. रॅम पास. ईसीजी नॉर्मल. दोन महिने मी हेच तर ऐकत होते! जो दोष अधूनमधून येतो, तो तपासायच्या वेळी कधीच येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत?

"डॉक्टर, यांना मॉनिटर लावून ठेवा," मी म्हणाले. "आज, उद्या... काही दिसेपर्यंत."

"पण तशी गरज वाटत नाही. किती वेळा झालंय असं?"

किती वेळा? मग माझा कम्प्युटर जितक्या वेळा हँग झाला होता, साधारण तितका आकडा मी डॉक्टरांना सांगितला. कोणत्या आधारावर, देव जाणे. पाठमोऱ्या झालेल्या डॉक्टर वळल्या. "इतक्या वेळा? आणि तुम्ही आत्ता आणताय?" त्यांनी बाबांना ठेवून घेतलं.

बाबा माझ्यावर इतके भडकले की बोलेचनात. "घरचं डबडं दुरुस्त होत नाई, आता मले खोलून पाहते," एवढं आईंना म्हणाले. मला ऐकू जाईल असं.

इरफानला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार! फक्त म्हटलं, मशीन चालू ठेव, हँग झालं की ताबडतोब फोन कर, मेसेज नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांच्या पलंगाशी उभी होते. आई डबा आणायला घरी गेल्या होत्या. बाबा माझ्याशी अजून बोलत नव्हते, पण मोसंबी सोलून दिली तर खात होते. एक फोड तोंडात घातली... आणि चावायचे थांबले. मॉनिटरवरची हिरवी रेघ सरळ झाली. अगदी सरळ. मशीन किंचाळलं, सिस्टर धावली, डॉक्टर धावल्या, मला कोणीतरी बाजूला लोटलं. आणि माझ्या हातातला फोन थरथरू लागला. इरफान.

मी कानाला लावला.

"वर्षा, अभी फिर जम गया. मेरे सामने. घड्याळ थांबलंय बघ स्क्रीनवरचं... हॅलो? सुन रही है क्या?"

मी रेघेकडे बघत होते. ती हलली. एकदा, मग पुन्हा, मग नीट चालू लागली. बाबांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे बघितलं आणि तोंडातली फोड चावून गिळली.

"काय झालं वं?" त्यांनी मला विचारलं. भांडण झाल्यापासूनचं पहिलं वाक्य.

डॉक्टरांनी मग सगळं समजावलं. हृदयाला ठोके द्यायला सांगणारी जी वीज असते, ती मध्येच पोहोचत नव्हती. काही सेकंद हृदय थांबायचं आणि आपलं आपण सुरू व्हायचं. "एखाद्या वेळी सुरू झालं नसतं," त्या हळूच म्हणाल्या. "आणि हे गाडी चालवायचे?" रविवार, बार्शीटाकळीचा रस्ता, मागे बसलेल्या आई... मी बाकावर बसून घेतलं. प्रशांत नागपूरहून निघाला होता. तो येईपर्यंत मी तशीच बसून होते.

बाबांना पेसमेकर बसवला. ते बरे आहेत. स्कूटर विकू देत नाहीत, पण चालवतही नाहीत. रोज पुसतात.

आणि कम्प्युटर? त्या दुपारनंतर तो एकदाही हँग झालेला नाही. ना अमरावतीत, ना घरी आणल्यावर.

इरफानला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बायोस अपडेट केलं होतं मी. त्याचाच फरक पडला असंल."

"अपडेटनंतरही दोनदा झालं ना तुझ्यासमोर?"

"...हां. झालं."

मीही सगळे मुद्दे काढून पाहिलेत. माणसाचं डोकं जुळणारं तेवढंच लक्षात ठेवतं. न जुळलेले हँग कितीतरी असतील, मी मोजले कुठे? बाबांचं हृदय मशीन नीट चालू असतानाही थांबलं असेल. हे सगळं मला कळतं. सुरुवातीला माझ्या मनात आणखी एक भयानक विचार आला होता, की मी पॉवरचं बटण दाबून मशीन सुरू करायचे तेव्हाच बाबा सावरत असतील... पण नाही, तसं नव्हतं. मी बटणाला हात लावायच्या आत ते सावरलेले असायचे. म्हणजे तोही धागा कुठे जात नाही. एका घरात होते तेव्हा वायरिंगवर तरी ढकलता येत होतं. अकोल्यातला माणूस आणि अमरावतीतलं मशीन, यांच्यात कोणती वायर आहे ते मला कोणीतरी सांगा. मी खरंच विचारतेय. उत्तर असेल तर कळवा. मला अशी उत्तर नसलेली गोष्ट सहन होत नाही, भयंकर चिडचिड होते.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. कामाच्या मशीनवर वेळच्या वेळी अपडेट टाका, रीस्टार्ट करा, यासाठी मी अख्ख्या कंपनीच्या मागे लागते. ते माझं कामच आहे. माझ्या स्क्रीनवर सूचना आली: अपडेट तयार आहेत, रीस्टार्ट करा. मी माउस नेला... आणि उठले. दारापर्यंत गेले. बाबा गेटपाशी भाजीवाल्याशी भांडत होते, सांबार, म्हणजे कोथिंबीर, शिळा आहे म्हणून. चेहरा लालबुंद, आवाज खणखणीत.

"काय पाहून राहिली वं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही बाबा."

आत आले आणि 'नंतर'वर क्लिक केलं. कितव्यांदा, ते विचारू नका.