आईच्या तोंडापासली भाकर

मरायच्या आदल्या दिवशी माह्या आईच्या तोंडापाशी आलेली प्रभुभोजनाची भाकर मी अडवली.

तिले जाऊन आज वर्ष झालं. सगुणाबाई, माही आई.

गोड गोड लिहाले बसली होती. जमलं नाही. खरं तेच लिहून राह्यली.

आमचं गाव डोणगावच्या अलीकडं. आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटावर मोजाले येतील एवढी. देऊळ म्हंजे पत्र्याची एक खोली.

बहात्तरचा दुष्काळ पडला तवा मी आठ-नऊ वर्साची. बाप आधीच गेलेला. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडाले जाये, तिथं मजुराइले खायाले सुकडी भेटे. सुट्टी बाजाराच्या दिवशी. रविवारी काम चालू. नाही गेलं की नाव कटे.

आई रविवारी गेली. सगळेच रविवार गेली.

देवळाचे तवाचे पाळकसाहेब घरी आले. मी दारात बसली होती, मले सगळं आठवते.

"सगुणा, प्रभूचा दिवस मोडला तू. मंडळीपुढं उभी राह्य अन कबूल कर. तोवर तुह्यं प्रभुभोजन बंद."

"साहेब, तारण कृपेनं भेटते म्हणता ना तुमी? का हजेरीनं?"

"कृपेनंच. पण ज्याच्यावर कृपा झाली तो आज्ञा पाळते."

"मंग देवानं रविवारी भूक बंद ठेवाची होती. ह्या पोरीले मी काय सांगू, आज प्रभूचा दिवस हाय, उद्या जेव?"

साहेब उठून गेले. वाईट माणूस नव्हते ते. पण नियम तो नियम.

आई उभी राह्यली नाही. म्हणे, मले पाप वाटत नाही तं खोटं कबूल काऊन करू?

महिन्याच्या पह्यल्या रविवारी प्रभुभोजन राह्यते, ताटातल्या भाकरीचा तुकडा सगळे प्रभूच्या नावानं खातेत. त्या दिवशी भोजन बंद असलेल्या माणसानं दाराजवळच्या सतरंजीवर बसाचं. आई बसे. ताट आलं की पुढं सरकवे. एक रविवार चुकवला नाही तिनं.

पाळक बदलले. चार आले, चार गेले. तिचं भोजन काऊन बंद आहे हे कोणाच्याच ध्यानात राह्यलं नाही.

तिच्या राह्यलं. अन माह्या.

मी तिच्या उलटी निघाली. चौथी शिकली, पण आज्ञा सगळ्या तोंडपाठ. शुक्रवारचा उपास, रोजची प्रार्थना, देवळाले कमाईचा दशांश, काहीच चुकवलं नाही. नवऱ्यानं सोडलं, मी आईजवळ येऊन राह्यली, तरी देऊळ सोडलं नाही.

आईले म्हणत जाओ, "एक वाक्य बोल न वं! चुकलं म्हण. काय जाते तुह्यं?"

"तू म्हण की. रविवारच्या कामावरची सुकडी तं तूच खाल्ली."

अन हासे. मले असा राग ये!

मंग ती पडली. डॉक्टरनं घरी न्या म्हणलं. शुक्रवारी दुपारी नवीन पास्टर मोटरसायकलवर आले. तरुण पोरगा, माह्या भाच्याएवढा. संगं डबी आणली.

"आजी, प्रभुभोजन आणलं. घेता?"

आईनं डोळे उघडले. "चाळीस वर्सं झाले. अजून उरलं का?"

"तुमच्यासाठीच उरलं."

आईनं तोंड उघडलं. लहान लेकरावाणी.

अन मी पास्टरचा हात धरला.

"थांबा. आधी कबुली घ्या."

"कशाची ताई?"

मी सगळं सांगतलं. 

"ताई, लेकरासाठी खडी फोडली, त्याची?"

"नियम आहे."

आईनं तोंड मिटलं.

रागावली नाही. म्हणे, "राहू द्या पास्टर. तिले द्या. आज उपास हाय तिचा, सकाळपासून काही खाल्लं नाही तिनं."

पास्टरनं डबी बंद केली.

शनिवारी सकाळी आई गेली.

काऊन केलं असं मी? वर्षभर हेच विचारून राह्यली स्वतःले.

मले भेव वाटलं. हे असं फुकटच भेटत असन, तं मी चाळीस वर्सं काय करत होती? उपास कायले केले? तिच्यापेक्षा मी पुढं आहे, एवढंच तं होतं माह्याजवळ.

घरात आता मी एकटी. रविवारी देवळातून आल्यावर भांडाले कोणी नाही. टीव्ही चालूच राह्यते, आवाज पाह्यजे म्हणून.

मागच्या महिन्यात पास्टरकडं गेली. म्हणलं, "माहं भोजन बंद करा."

"नाही करत."

"मंग शिक्षा सांगा काही."

"नाही ताई."

"मंग मी करू काय?"

"काहीच नाही. या रविवारी ताट येईन, घ्या."

काहीच नाही! आयुष्यभर सगळं केलं मी, पण हे 'काहीच नाही' मले जमत नाही.

रविवारी ताट आलं. माहा हात उठेना. पास्टर तसेच उभे. मागं लोक खोकाले लागले. कोणाचं तरी लेकरू रडाले लागलं. पास्टर हलले नाही.

शेवटी भाकर घेतली, खाल्ली.



घरी आली. दार उघडलं. सांगाव कोणाले? कोणी नव्हतं. म्हणून इथं लिहून राह्यली. मंडळीतले लोक वाचतीन, वाचू द्या.

आई, तू बरोबर होती का पाळकसाहेब, हे मले अजून कळलं नाही. तुह्यी भाकर अडवली ते मात्र चुकलं माहं.

सलाम, आई.