दोन गाठींचा कंदील

"हिनं लग्नाचंच लिहिलं असणार, बघ," ऑफिसमधली एकजण मागे कुजबुजली. राजस्थानच्या वाळवंटात सगळे कागदी कंदिलांवर इच्छा लिहून ते आकाशात सोडत होते. मी फक्त ‘बाबा’ लिहिलं होतं. ते परळच्या हॉस्पिटलात आहेत, हे मी ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे ही सहलही टाळता आली नव्हती. दुपारीच आईचा फोन आला होता: त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलंय.

घोडपदेवच्या चाळीत बाबा दर दिवाळीला कंदील टांगून दोरीला दोन गाठी मारायचे, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून. इथे माझा कंदील गरम होऊन वर ओढ घेत होता.

"अगं, सोड ना! पेटेल तो!"

मी तो आणखी घट्ट धरला.

"नाही सोडणार. माझे बाबा सिरियस आहेत. मला घरी जायचंय."