खा म्हटल्याशिवाय

घाटकोपरची चाळ सोडून आम्ही जवळच्याच नव्या बिल्डिंगीत जाणार होतो, आणि तिथे कुत्रं चालणार नव्हतं. आमचं कुत्रं साधं गावठी, तांबूस. रस्त्यावर सोडलं तर म्युनिसिपालटीची गाडी उचलून नेणार. बाबांच्या कारखान्यातला मनोरीचा एक ख्रिश्चन दोस्त म्हणाला, आमच्या गावात एक फ्रेंच बाई खाणावळ चालवते, गिऱ्हाइकांची कुत्रीसुद्धा टेबलाखाली बसू देते. तिला राखणीला कुत्रं हवंय, रविवारी जेवायलाच घेऊन या.

मग काय, मार्व्याहून तरीने खाडी ओलांडून आई, बाबा, मी आणि आमचा कुत्रा. कुणाला चावला तर? आणि अगदी शहाण्यासारखा वागला तर गेलाच की! देवाकडे मागावं तरी काय, तेच कळेना.

टेबलावर पांढरं कापड, काटे, सुऱ्या. लोण्यात परतलेला मासा आला, त्याला ना हळद ना तिखट. आई पुटपुटली, चांगला मासा फुकट घालवला मेल्यांनी. बाईने कुत्र्यापुढे मटणाच्या रश्श्यात बुडवलेला पाव ठेवला. त्याची लाळ गळायला लागली, पण तोंड काही लावेना. बाईने मोडक्या हिंदीत विचारलं, आजारी आहे का? माझ्या हातचं खाणार नसेल तर ठेवून घेऊन मी काय करू?

आजारी कुठला! घरी बाबा जेवायला बसले की पहिला घास त्याच्यासाठी ताटाबाहेर काढायचे आणि 'खा' म्हणायचे. त्याशिवाय तो कशालाच शिवायचा नाही. चाळीत कुणी विष घालू नये म्हणून बाबांनीच लावलेलं वळण ते. आणि इथे बाबा हातात काटा धरून घामाघूम. चारचौघांत घास जमिनीवर ठेवायचा कसा!

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. नकोच खाऊ दे. बाई नको म्हणेल, आम्ही परत नेऊ. पण पुढे म्युनिसिपालटीच्या गाडीचं काय, हा विचार आला की वाटायचं, खाऊन टाकू दे एकदाचं.

बाबांनी काटा खाली ठेवला. मी त्यांचा शर्ट घट्ट धरला.

"बाबा, नका ना म्हणू."

त्यांनी हाताने माशाचा घास काढला, फरशीवर ठेवला आणि म्हणाले, "खा." त्याने चाटूनपुसून खाल्ला. मग बाबांनी बाईलाही तो शब्द शिकवला. तिने आपल्या ताटातला पाव मोडून पुढे धरला, 'खा' म्हणाली. तो बाबांकडे बघायला लागला. बाबांनी तोंड फिरवलं आणि खाडीकडे बघत राहिले. असा राग आला मला त्यांचा! तो जरा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत थांबला, मग बाईच्या हातचं खाल्लं.

नव्या घरात पहिल्याच दिवशी बाबांनी सवयीने घास बाहेर काढला. आईने तो उचलून गुपचूप त्यांच्याच ताटात ठेवला.