मोरचूद सरांचा पंचा

मोरचूद सर गळ्यातला पंचा धुऊ देत नसत. सावेडीतल्या एका शाळेत त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं. मोरचुदाचे निळे खडे वर्गात हातोहात फिरवायची त्यांना हौस. नाव त्यावरून पडलं. "खड्याचा निळा गडद, भुकटीचा फिका. दोन्हीला नुसतं निळं म्हणाल तर मार्क कापीन," असं ते दरवर्षी सांगत.

निवृत्तीनंतर सर फुलपाखरांच्या मागे लागले. घामातल्या क्षारांसाठी फुलपाखरं कपड्यांवर येऊन बसतात, हे कळल्यापासून पंच्याला पाणी लागलं नव्हतं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, तो दोन बोटांत धरून दोरीवर टाकत.

सरांना एक फुलपाखरू पाहायचं होतं. अकोले तालुक्यातल्या डोंगरात, ओढ्याकाठी, क्वचित कुणाला दिसलेलं. रुपयाच्या नाण्याएवढं. बसलं की पंख मिटून घेतं आणि राखाडी दिसतं. निळा कळतो तो उन्हात पंख उघडले तरच. सरांना काचबिंदू होता. नजर कडांकडून कमी होत चालली होती आणि गेलेली परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "उरलीय तेवढ्यात तो निळा बघायचाय," सर म्हणत. "बाकीचं पाहून झालंय."

पावसाळा सरल्यावर आम्ही जीपने निघालो. मी नगरच्या एका दैनिकात होतो. बातमी मिळेल म्हणून गेलो. वहिनी पहिल्यांदाच बरोबर होत्या. ओढ्याशी पोचल्यावर सरांनी पंचा ओल्या खडकावर पसरला. ड्रायव्हर वाकला आणि म्हणाला, "सर, याला तर साबनाचा लई वास येतोय."

सर वहिनींकडे वळले.

"पेपरवाले बरोबर येणार, फोटो निघणार," वहिनी म्हणाल्या. "दोन पाण्यांत धुतला काल."

पंच्यावर काही येऊन बसलं नाही. चालायची सवय नसलेल्या वहिनी घामाघूम होऊन दगडावर टेकल्या होत्या. काही वेळाने त्यांच्याच मनगटावर, बांगड्यांच्या खाली, एक राखाडी फुलपाखरू उतरलं.

सर गुडघ्यांवर बसले. उरलेल्या नजरेत मनगट आणायला त्यांना मान दोनदा फिरवावी लागली. ढग सरकला. ऊन पडलं आणि पंख उघडले.

"हलू का?" वहिनींनी ओठ न हलवता विचारलं.

"हललीस तर बघ."

"हाताला मुंग्या आल्यात."

"येऊ देत."

ते उडेपर्यंत सर पाहत राहिले. "मला बघायला आला होतात तेव्हा एवढं निरखलं नव्हतंत," वहिनी म्हणाल्या. सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. कॅमेरा त्यांच्या गळ्यात तसाच होता, माझा मोबाईल खिशात. फोटो नाही म्हणून बातमी झाली नाही.

पुढे नजर गेली आणि दोघं नाशिकला लेकीकडे राहायला गेली. निघताना सरांनी पंचा माझ्या हातात दिला. "वापरा. धुऊ नका." वहिनी मागून म्हणाल्या, "या खेपेला मी हात लावलेला नाही, भाऊजी."

यंदा मी तो त्याच खडकावर पसरला. दुपार व्हायच्या आत एक राखाडी फुलपाखरू आलं, बसलं आणि उन्हात उघडलं. वर रस्त्यावर येऊन रेंज मिळताच सरांना फोन लावला आणि ते आल्याचं सांगितलं.

"रंग?"

"मोरचूद."

"खडा की भुकटी?"

"खडा."

फोन कानाला तसाच ठेवून सरांनी घरात हाक मारली, "अगं, तुझं आलंय."