खलनायकाचं कॉम्प्युटरमधलं हृदय

होल्टरचा रिपोर्ट इतका छान आला होता, की आमच्या सरांनी, म्हणजे हृदयविभागाच्या मुख्य डॉक्टरांनी, तो मला मोठ्याने वाचून दाखवला. तोही सगळ्या स्टाफसमोर.

"एकही वेडावाकडा ठोका नाही," सर म्हणाले. "आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतो, हा माणूस कधीही जाऊ शकतो."

मी चंद्रपूरच्या एका हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकल इंजिनिअर आहे. पेशंटच्या हृदयाची कॉम्प्युटरमध्ये प्रतिकृती बनवणं हे माझं काम. त्याला आम्ही मॉडेल म्हणतो. माझ्या गावी, नागभीडला, मी 'कॉम्प्युटरचं काहीतरी करते' एवढंच लोकांना माहीत आहे. त्यामुळे सुट्टीत गेले की शेजाऱ्यांचे बिघडलेले प्रिंटर माझी वाट बघत असतात.

हार्ट अटॅकमध्ये हृदयाचा थोडा भाग मरतो आणि तिथे व्रण उरतो. ठोका म्हणजे हृदयातून धावणारी विजेची लाट. व्रणातून ती जाऊ शकत नाही, वळसा घालते. व्रणाच्या काठावरच्या अर्धमेल्या भागातून मात्र रेंगाळत जाते. एखादा ठोका भलत्याच वेळी पडला, तर ही लाट व्रणाभोवती गोल गोल फिरत बसते, मळणीत बैल मेढीभोवती फिरतो तशी. मग हृदयातून रक्त नीट पुढे जात नाही आणि माणूस कोसळतो. एमआरआयवरून मी व्रणासकट हृदय उभं करते. मग त्याला कॉम्प्युटरवर भलत्या वेळी, भलत्या जागी डिवचून बघते. जिवंत माणसाला इतकं छळता येत नाही.

हे हृदय होतं शालिकभाऊंचं. शालिकभाऊ म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांतले नावाजलेले खलनायक. दिवाळीनंतर आमच्या या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात गावोगावी रात्रभर नाटकं होतात. शालिकभाऊ नुसते विंगेतून खाकरले तरी पुढे बसलेल्या बाया त्यांना शिव्या देतात. अटॅकनंतर त्यांना एकच धास्ती होती, डॉक्टर स्टेज बंद करतील याची.

मॉडेलमध्ये त्यांच्या हृदयाच्या डाव्या भिंतीत एक जागा सापडली. तिथे डिवचलं की लाट फिरायला लागायची. अशा वेळी छातीत एक यंत्र बसवतात. ठोका भरकटला की ते झटका देऊन त्याला ताळ्यावर आणतं. पण नियमाने ते हृदयाचं पंपिंग फार कमी झालेल्यांनाच बसतं, आणि शालिकभाऊंचं बऱ्यापैकी होतं. आणि माझ्या मॉडेलच्या भरवशावर सर कोणाच्या छातीला हात लावणार नव्हते. ते बरोबरच होतं. म्हणून होल्टर लावला. होल्टर म्हणजे छातीला तारांनी चिकटवलेली डबी, जी चोवीस तासांचा प्रत्येक ठोका टिपते. डबी लावून शालिकभाऊ नाटकाला गेले, दुसऱ्या दिवशी परत आणून दिली आणि हा असा सोन्यासारखा रिपोर्ट आला. सरांनी त्यांना घरी जायला मोकळं केलं. मला प्रिंटरवर लक्ष केंद्रित करायला सांगितलं.

मी फुगून बसले. चिडून सगळं रेकॉर्डिंगच उघडलं. अटॅकनंतर शालिकभाऊंच्या हृदयाचं एका बाजूचं वायरिंग जळलेलं होतं. त्यामुळे ईसीजीच्या कागदावर त्यांचा प्रत्येक ठोका पसरट, लठ्ठ दिसायचा. इथे सगळे ठोके सडपातळ. जळलेलं वायरिंग एका नाटकात बरं होत नाही. दुसरी गोष्ट, नाटक सुरू झाल्यापासून पडदा पडेपर्यंत हे हृदय सारखं धावत होतं. खलनायक मध्ये मध्ये विंगेत जातो, चहा पितो. पूर्ण नाटकभर सुटका नसलेला माणूस एकच असतो.

तो माणूस ओपीडीत शालिकभाऊंच्या शेजारीच बसला होता. बाबूभाई, नागभीडचे टेलर आणि शालिकभाऊंच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर. आमच्याकडे रोज वेगळं नाटक, पाठ कोण करणार? प्रॉम्प्टर स्टेजच्या पुढ्यात लपून बसतो आणि अख्खं नाटक हळू आवाजात वाचतो. नट ऐकतात आणि गरजतात. शालिकभाऊंनी तर उभ्या आयुष्यात एक वाक्य पाठ केलेलं नाही.

मी बाबूभाईंना शर्टाची वरची बटणं उघडायला सांगितली. बाबूभाईंनी शालिकभाऊंकडे पाहिलं. प्रॉम्प्टरने नटाकडे वाक्य मागावं, असा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला असावा. छातीवर चिकटपट्ट्यांचे लाल डाग होते, टेलरने लावलेले, अगदी मापात.

"मॅडम, जरीच्या कोटातून डबी दिसत होती," शालिकभाऊ म्हणाले. "अन् मारामारीत तार तुटली असती तं? बाबूभाई एका जागी बसूनच राह्यते, म्हणून त्याले लावली."

"पण ठोके तुमचे पाहिजे होते ना?"

"आता मॅडम, माह्या तोंडातले शब्द तं सारे त्याचेच राह्यते. मले वाटलं, ठोकेबी चालतीन."

मला हसू फुटलं आणि लगेच घड्याळाकडे लक्ष गेलं. हा माणूस थोड्या वेळात एसटीत बसून जंगलातल्या रस्त्याने निघणार होता, छातीत ती जागा घेऊन. मी धावतच सरांकडे गेले.

सरांनी शांतपणे ऐकलं. बाबूभाईंना तब्येत उत्तम असल्याचं सांगितलं. शालिकभाऊंना थांबवून घेतलं आणि डबी आपल्या हाताने लावली. या खेपेला ठोके लठ्ठ होते आणि मध्येच घोड्यासारखे उधळत होते. मग कॅथलॅबमध्ये हृदयात तार घालून खरी तपासणी झाली. लाट फिरली ती मी दाखवलेल्या भिंतीतच. यंत्र बसलं. प्रिंटरचा विषय सरांनी पुन्हा काढला नाही. जखम भरल्यावर मारामारी सोडून काम करायची परवानगीही त्यांनी शालिकभाऊंना दिली.

त्याच सीझनमध्ये सिंदेवाहीकडच्या एका गावात शालिकभाऊ पहिल्याच अंकात, भर संवादात धाडकन कोसळले. त्या नाटकात त्यांचं मरण तिसऱ्या अंकात होतं. बाबूभाईंना वाटलं, भाऊंचा घोळ झाला. ते खालून दबक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, आत्ता नाई. तिसऱ्या अंकात मरायचं हाय."

त्याच क्षणी यंत्राने झटका दिला. शालिकभाऊ ताडकन उठले आणि पुढचं वाक्य गरजले. मंडपात शिट्ट्याच शिट्ट्या. मग त्यांनी नाटक पूर्ण केलं, ठरल्या अंकात पुन्हा मेले आणि सकाळी आमच्याकडे आले. सरांनी दोघांना मनसोक्त झापलं.

यंत्रातली नोंद मी वाचली. फिरणारी लाट, झटका, मग सरळ ठोके. मी शालिकभाऊंना कॉम्प्युटरसमोर बसवलं, मॉडेलमधली ती जागा दाखवली, यंत्राने त्यांना कसं वाचवलं ते समजावलं. त्यांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर हाय, मॅडम," ते म्हणाले. "पण बाबूभाईनं सांगतलं नसतं, तं मी काऊन उठलो असतो?"

बाबूभाईंनी नम्रपणे मान खाली घातली. माझ्या खात्यात इतकंच जमा झालं, की आता होल्टर देताना मी पेशंटला आधी विचारते, हा घालणार कोण आहे?